परक्या ग्रंथाचा आधार

संसारी मनुष्याच्या आयुष्यात कधी कधी असा काळ येतो की, ज्या स्तोत्राने वर्षानुवर्षे मन निवत असे, तेच स्तोत्र जिभेवरून निघून जाते आणि अंतःकरण कोरडेच राहते. घरात मृत्यू झालेला असतो, दीर्घ आजार चाललेला असतो, अथवा बाह्य कारण काहीच नसताना ईश्वरावरचा भरवसा ओसरलेला असतो. अशा वेळी दुसऱ्याच धर्माचा एखादा ग्रंथ हाताशी येतो व मनाला धरून ठेवतो. रुग्णालयातील खाटेजवळ कोणी ठेवलेला ‘नवा करार’ उघडला जातो, किंवा शाळेत पूर्वी ऐकलेली येशूची एखादी कथा अवचित आठवते, आणि त्या रात्री झोप लागते. दुसऱ्या दिवशी देवघरासमोर बसल्यावर मात्र प्रश्न उभा राहतो : हे बळ घेतले, हा आपल्या दैवताशी द्रोह तर झाला नाही ना? घरातील वडीलधाऱ्यांना ही गोष्ट कळली तर त्यांच्या मनात वेगळीच भीती शिरते. आज वाचन, उद्या धर्मांतर, असे त्यांना वाटू लागते.

या प्रश्नाची दोन उत्तरे लोकांजवळ तयार असतात. सर्व ग्रंथ अखेर सारखेच, तेव्हा चिंतेचे कारण नाही, हे पहिले उत्तर. आपल्या घरी रत्नांच्या राशी असताना दुसऱ्याच्या दारी जाणे हाच मुळी कमीपणा, हे दुसरे. दोन्ही उत्तरे विचाराचे कष्ट वाचवतात, म्हणून ती लवकर सुचतात. ज्याने हा प्रश्न केवळ बुद्धीने सोडवला नाही, तर ज्याला तो जन्मभर भोगावा लागला, अशा एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र समोर ठेवल्यावाचून त्याचे खरे वजन कळत नाही. असे एक चरित्र काशीक्षेत्रातच घडलेले आहे, आणि ते एका मराठी पंडिताचे आहे.

काशीत पंचगंगा घाटाच्या शेजारी बालाजी घाट आहे. पेशवाईच्या काळापासून या भागातील घाटांवर महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांची वस्ती होत गेली. वेदपाठ, न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र यांचे अध्ययन करणारी घराणी येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, बालाजी घाट यांच्यामागच्या अरुंद गल्ल्यांतून मराठी संसार गंगेच्या काठी रुजला. काशीच्या या महाराष्ट्रीय समाजात नीळकंठशास्त्री गोरे वाढले. त्यांचा जन्म १८२५ साली झाशीकडील एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला व शिक्षण काशीत झाले. संस्कृत शास्त्रांत त्यांची बुद्धी तरुणपणीच चालू लागली होती, आणि घरातील शैव उपासनेकडून ते स्वतः विष्णुभक्तीकडे वळले होते. अर्थात धर्म त्यांच्या लेखी केवळ वारसा नव्हता. तो तपासून घेण्याची वस्तू होती.

ख्रिस्ती ग्रंथाकडे ते प्रथम वळले ते विरोधक म्हणून. काशीत विल्यम स्मिथ नावाचे मिशनरी प्रचार करीत असत. त्यांच्याशी वाद करून त्यांना निरुत्तर करावे, हा नीळकंठशास्त्र्यांचा हेतू होता. जॉन म्यूर यांनी ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथात ख्रिस्ती मताचा पुरस्कार केला होता. त्याला उत्तर म्हणून नीळकंठशास्त्र्यांनी १८४४-४५ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. खंडन करायचे तर प्रतिपक्षाचा ग्रंथ वाचलाच पाहिजे, ही आपल्या वादपरंपरेची शिस्त आहे. पूर्वपक्ष नीट मांडल्यावाचून सिद्धान्ताला शोभा येत नाही. त्या शिस्तीने त्यांनी बायबल वाचण्यास आरंभ केला, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांचे मन थबकले. शत्रूवर प्रेम करण्याची, दान गुप्त ठेवण्याची, क्षमा मागण्यापूर्वी क्षमा करण्याची त्यातील शिकवण वादात पाडता येण्यासारखी नव्हती, कारण ती वाद करीतच नव्हती. दुसऱ्याला जिंकण्यासाठी उघडलेला ग्रंथ वाचणाऱ्याच्याच अंतःकरणाची झडती घेऊ लागला.

पुढे जे घडले ते सर्वविदित आहे. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला व ते नेहेम्या गोरे झाले. काशीच्या पंडितवर्गाला हा मोठा धक्का होता. कुटुंबाला तर तो मरणप्राय होता. त्या काळच्या समाजात असा पुत्र जिवंतपणीच घराला दुरावत असे. पुढे त्यांची पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आली. १८५३ साली त्यांना कन्या झाली, आणि ती मुलगी तान्ही असतानाच लक्ष्मीबाई निवर्तल्या. एलन लक्ष्मी गोरे ही ती कन्या. इंग्लंडमध्ये तिचे पालनपोषण झाले, इंग्रजीत तिने भक्तिगीते लिहिली आणि पुढे भारतात परतून तिने सेवाकार्य केले. एका मनुष्याच्या अंतरीच्या शोधाची किंमत किती जणांना मोजावी लागते, हे या एका कुटुंबाकडे पाहिले म्हणजे कळते.

इतके मोजून नीळकंठशास्त्र्यांना निःसंशय शांती मिळाली काय? येथेच हे चरित्र सामान्य धर्मांतरकथेपासून वेगळे होते. त्यांना ती मिळाली नाही. १८५४ साली महाराजा दुलीपसिंह यांच्याबरोबर शिक्षक म्हणून ते इंग्लंडला गेले. तेथे ख्रिस्ती म्हणवणाऱ्या राष्ट्राचा भोगी व्यवहार पाहून ते फार खिन्न झाले. ऑक्सफर्डला माक्स म्युलर यांच्यापाशी त्यांनी ती खंत बोलून दाखवली, आणि म्युलर यांनी ती पुढे आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली. १८६० साली त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी आपल्या दर्शनांचे कठोर खंडन केले आहे. वेदान्तावरील त्यांचे आक्षेप हिंदू वाचकाला मान्य होणार नाहीत, आणि त्यांना उत्तरे देता येतात. परंतु हा मनुष्य स्वतःच्या नव्या श्रद्धेलाही तीच कसोटी लावीत राहिला, हे विसरता कामा नये. १८७० साली ते धर्मोपदेशक म्हणून दीक्षित झाले. काउली येथील संन्यस्त मंडळात ते उमेदवार म्हणून राहिले, पण त्या मंडळाची अखेरची व्रते त्यांनी घेतली नाहीत. शंकांनी त्यांची पाठ शेवटपर्यंत सोडली नाही. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

न्यायशास्त्र शिकलेल्या मनुष्याला संशयाची लाज वाटण्याचे कारण नाही. गौतमांच्या सोळा पदार्थांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यापाठोपाठ तिसरे स्थान संशयाला आहे. संशय नसेल तर विचाराला प्रारंभच होत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयात्म्याची दुर्गती सांगितली आहे खरी, परंतु तेथे तो अज्ञ आणि श्रद्धाहीन यांच्या पंक्तीत बसवलेला आहे. अर्थात ज्याला जाणून घ्यायचे नाही व ज्याला कशावर भाव ठेवायचा नाही, त्याच्या संशयाविषयी ते बोलणे आहे. सहाव्या अध्यायात याच्या उलट दृश्य दिसते. योगमार्गातून ढळलेला मनुष्य दोन्हीकडून तुटून नाहीसा होत नाही काय, असा प्रश्न अर्जुन विचारतो आणि हा संशय तुम्हीच निवारा, दुसरा कोणी ते करू शकणार नाही, अशी विनवणी करतो. भगवान त्याला रागावत नाहीत. कल्याणाच्या मार्गावर चालणाऱ्याची दुर्गती होत नाही, असे आश्वासन ते देतात. संशय मनात कोंडून ठेवणे निराळे आणि तो देवापुढे मांडणे निराळे. पहिल्याने मनुष्य आतून पोखरला जातो. दुसऱ्याने त्याला संशयासह उभे राहता येते.

हा भेद ध्यानात घेतला म्हणजे संकटातील मनाला ख्रिस्ती शास्त्रात कसले बळ मिळते, ते समजणे सोपे जाते. त्या ग्रंथात केवळ विधिनिषेध नाहीत. त्यातील स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत आणि त्यांतली कितीतरी तक्रारीची आहेत. देव दूर का गेला, तो मुख का लपवतो, शत्रूच का वर चढतात, असे भक्त उघडपणे विचारतो, आणि ती तक्रार शास्त्रातच प्रार्थना म्हणून ग्रथित केलेली आहे. ईयोब नावाचा पुण्यवान गृहस्थ संतती, संपत्ती व आरोग्य गमावून बसतो. पापावाचून दुःख येत नाही, असे त्याचे मित्र त्याला शास्त्रोक्त रीतीने समजावतात. पण ग्रंथाच्या शेवटी देव त्या मित्रांनाच दोष देतो व तक्रार करणाऱ्या ईयोबाचा पक्ष घेतो. मार्काच्या शुभवर्तमानात एक बाप आपल्या आजारी मुलासाठी येशूपाशी येतो आणि आपला विश्वास अपुरा आहे, हे कबूल करून त्या अपुरेपणासाठीच साहाय्य मागतो. त्याला परत पाठवले जात नाही, त्याचा मुलगा बरा होतो. स्वतः येशू मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत व्याकूळ होऊन हा प्याला टळावा अशी प्रार्थना करतो, आणि मग पित्याची इच्छा शिरसावंद्य मानतो. दुःखी मनुष्याला या कथांतून बळ मिळते ते याच कारणाने. त्याला येथे आपले दुःख सजवून सांगावे लागत नाही.

हिंदू वाचकाला ही वाट अनोळखी वाटू नये. गीतेचा पहिला अध्याय शस्त्र टाकून बसलेल्या वीराच्या शोकाने भरला आहे, आणि त्या शोकालाही परंपरेने विषादयोग असे योगाचे नाव दिले आहे. भागवतात कुंती विपत्तीच मागते, कारण विपत्तीत भगवंताचे दर्शन घडते. तुकोबांच्या गाथेत देवाशी केलेली भांडणे काही थोडी नाहीत. तेव्हा परक्या ग्रंथात जे सापडले ते पुष्कळदा आपल्याच घरात होते. रोजच्या पाठांतराने त्यावर जी सवयीची साय धरली होती, ती नव्या शब्दाने बाजूला सारली इतकेच. मराठी बायबलात उद्धाराला ‘तारण’ हा शब्द योजला आहे. ज्या धातूपासून ‘तीर्थ’ शब्द आला आणि ज्यावरून काशीत विश्वनाथ मरणाऱ्याच्या कानी सांगतो त्या मंत्राला ‘तारक’ म्हणतात, त्याच धातूचा हा शब्द आहे. भाषांतरकाराला दूरदेशीचा अर्थ सांगण्यासाठी अखेर गंगेच्या घाटावरचाच शब्द घ्यावा लागला.

याच अनुभवातून गेलेल्या इतरांनी निरनिराळे मार्ग धरले. पंडिता रमाबाई या संस्कृत शास्त्रांत निपुण. त्यांच्या धर्मविचारावर नेहेम्या गोरे यांच्या लेखनाचा व पत्रांचा प्रभाव पडला, आणि १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. कवी नारायण वामन टिळक यांना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने ‘नवा करार’ दिला. त्यांनाही डोंगरावरील प्रवचनानेच ओढले. १८९५ च्या फेब्रुवारीत, अर्थात गोरे यांच्या निधनाच्याच वर्षी, त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. परंतु तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत आणि ख्रिस्ती उपासनेसाठी अभंगच रचीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना हा निर्णय कळला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. ताटातुटीची काही वर्षे त्यांनी कशी काढली हे ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी स्वतःच सांगितले आहे. पुढे १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने.

महात्मा गांधींचा मार्ग निराळा. लंडनमध्ये विद्यार्थी असताना त्यांनी बायबल वाचले. जुन्या करारातील प्रकरणे वाचताना त्यांना झोप येई, पण डोंगरावरील प्रवचन त्यांच्या हृदयाला जाऊन भिडले आणि त्यांनी त्याची गीतेशी तुलना केली. विशेष हे की, गीताही त्यांच्या हाती त्याच लंडनमध्ये, एडविन आर्नल्ड यांच्या इंग्रजी अनुवादातून आली. परक्या ग्रंथाने त्यांना गीतेपासून दूर नेले नाही. विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली गीतेवर प्रवचने दिली, आणि पुढे त्याच हाताने ‘ख्रिस्तधर्म-सार’ही संकलित केले. आणि बालाजी घाटावर तर याचे उलट दिशेचे उदाहरण लोकांनी प्रत्यक्ष पाहिले. उस्ताद बिस्मिल्ला खाँ (१९१६-२००६) हे श्रद्धावान मुसलमान. नमाज चुकू नये आणि मोहरमचा शोक पाळला जावा, याविषयी ते दक्ष असत. तरी त्यांच्या सनईचा रियाज वर्षानुवर्षे चालला तो याच घाटावरील बालाजीच्या मंदिरात. त्यांना तेथे बळ मिळाले. त्यासाठी त्यांनी आपला धर्म सोडला नाही, आणि बालाजीनेही तो सोडण्याची अट घातली नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. परग्रंथातून बळ घेणे हा द्रोह आहे काय? तिसऱ्या अध्यायातील स्वधर्माचे वचन या ठिकाणी पुष्कळदा पुढे केले जाते. परंतु तेथील प्रसंग पाहावा. अर्जुनासमोर प्राप्त कर्तव्य आहे. ते टाकून भिक्षेवर जगण्याची भाषा तो करतो. त्या पलायनाला तेथे अटकाव केला आहे. एखाद्या रात्री कोणता ग्रंथ वाचावा, याचा तेथे विचार नाही. किंबहुना त्या ग्रंथाने मिळालेल्या बळावर एखादा गृहस्थ सकाळी उठून आजारी आईची सेवा पुन्हा प्रसन्नतेने करू लागला, तर तो स्वधर्माकडेच परतला असे म्हणावे लागेल.

तथापि येथे एक सावधगिरी अवश्य आहे. समाधान आणि प्रमाण यांत अंतर आहे. एका ग्रंथाने शांती दिली, यावरून त्यातील सर्व सिद्धान्त सत्य ठरत नाहीत. तसेच आपल्या ग्रंथाने एखाद्या काळात शांती दिली नाही, म्हणून तो असत्यही ठरत नाही. औषधाने ताप उतरला म्हणजे वैद्याचे तत्त्वज्ञानही सिद्ध झाले असे होत नाही. म्हणून दुःखाच्या भरात निष्ठा बदलण्याचा निर्णय करू नये, आणि दुसऱ्याच्या दुःखाचा लाभ घेऊन तो कोणी करवूही नये. मन स्थिर असताना, अभ्यासाने, आपल्या निर्णयाने कोणाकोणाचे जीवन हालणार आहे हे जाणून, मगच तसा विचार करावा.

दुसऱ्या बाजूने ‘सर्व सारखेच’ असे म्हणून ख्रिस्ती ग्रंथाचा अवमानही करू नये. नेहेम्या गोरे यांना ते म्हणणे कधीच पटले नसते. त्यांच्या दृष्टीने डोंगरावरील उपदेश आणि तो करणारा पुरुष यांना वेगळे करता येत नव्हते. उपदेश खरा तर उपदेशक तारणारा, हा दावा त्या ग्रंथात आहे. हिंदू वाचक तो दावा न स्वीकारता बळ घेत असेल, तर आपण काय घेत आहोत आणि काय ठेवून देत आहोत याची त्याला स्पष्ट जाणीव असावी. उपकार घ्यावा व नाव पुसावे, हे सज्जनाला शोभत नाही.

राहिला घरातील मंडळींचा प्रश्न. ज्या घरात संशय बोलून दाखवता येत नाही, त्या घरातला संशयी मनुष्य दुसरीकडे बोलतो. मुलाच्या हातात नवा करार दिसला तर वडिलांनी प्रथम ग्रंथ हिसकावू नये. मुलाला काय दुखते आहे, हे विचारावे. उत्तर ऐकून घेण्याइतका धीर धरावा, आणि मग आपल्याला ज्या श्लोकाने एके काळी तारले तो त्याला सांगावा, आग्रह न करता. अठराव्या अध्यायाच्या शेवटी सर्व उपदेश करून झाल्यावर भगवंतांनीही निर्णय अर्जुनावर सोपवला आहे. पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे कर, असे ते सांगतात. साक्षात् गुरूने जे स्वातंत्र्य शिष्याला दिले, ते पित्याने पुत्राला नाकारण्यात धर्मरक्षण होत नाही.

नीळकंठशास्त्री गोरे यांचा निर्णय हिंदू समाजाला दुखावून गेला, आणि ते दुःख खोटे नव्हते. परंतु ज्या ग्रंथाचे खंडन करायचे तोही प्रामाणिकपणे वाचावा, आपली शंका लपवू नये, आणि शंका उरली तरी ईश्वराचे नाव सोडू नये, या तीन गोष्टी त्यांच्या आयुष्यात शेवटपर्यंत टिकल्या. त्यांतली पहिली त्यांना काशीच्या पंडितपरंपरेने शिकवली होती. उरलेल्या दोन ज्याला साधल्या, त्याच्या हाती कोणता ग्रंथ आहे हे पाहून त्याला परका म्हणू नये.